पावती आजेसासऱ्यांच्या नावावर

आमच्या खोलीची भाडेपावती २०२२ सालीसुद्धा आजेसासऱ्यांच्या नावावर येत होती. आजेसासरे गेले १९८३ साली. म्हणजे ३९ वर्षं फणसवाडीजवळच्या आमच्या चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं भाडं एक दिवंगत गृहस्थ भरत होते, आणि घरमालकाचा मेहता, म्हणजे कारकून, ते त्यांच्याच नावाने जमा करून घेत होता. महिना ११८ रुपये, त्यात दुरुस्तीचा उपकर धरून. मी १९९६ साली लग्न होऊन आले तेव्हापासून ती पावती बघत होते, पण कधी नाव वाचलं नव्हतं. खोली विकायची ठरली तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

ठरली ती सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. लोकांना आम्ही ‘इमारत धोकादायक झालीय, मुलीला अभ्यासाला जागा नाही’ असं सांगायचो, आणि तेही खोटं नव्हतं. गॅलरीखाली म्हाडाचे लोखंडी टेकू २०१४पासून उभे होते. मुलं त्यांना टेकून क्रिकेट बघायची. पण खरं कारण गॅलरीच्या टोकाला होतं. आमच्या खोलीपासून सामायिक संडास ४१ पावलांवर. हा आकडा सासूबाईंचा. रात्री दोनला उठून, काठी घेऊन, एका हाताने कठडा धरत त्या ४१ पावलं मोजत जायच्या. २०२२च्या पावसाळ्यात त्या ओल्या लाद्यांवर घसरल्या. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर त्यांनी संध्याकाळी सातनंतर पाणी पिणं बंद केलं. हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, डॉक्टरांनी लघवीच्या संसर्गाचं औषध तिसऱ्यांदा लिहून दिलं तेव्हा. त्या रात्री नवरा म्हणाला, “बस झालं गिरगाव.”

विरोध केला तो मात्र सासूबाईंनीच. त्या १९६६ साली या खोलीत आल्या. “आता बिल्डर येतोय, थोडं थांबा,” हे त्यांचं पालुपद. बिल्डर दोनदा येऊनही गेले होते. आमची इमारत १ सप्टेंबर १९४०च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त ‘अ’ वर्गातली. पुनर्विकास झाला तर किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळणार हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. पहिल्या बिल्डरला आम्ही संमतीपत्रं दिली, त्याने गणपतीला वर्गणी दिली, चाळीच्या दारावर स्वतःच्या फोटोचा फलक लावला आणि पुढे काही नाही. दुसरा आला तेव्हा शेजारच्या गल्लीतली माणसं संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, जाऊन १४ वर्षं झाली होती. त्यांच्या जागेवर खड्डा होता आणि खड्ड्यात पिंपळ. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, मी थांबेन हो. तुमचे गुडघे थांबतील का?” त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावरून पावत्यांचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

एव्हाना चाळीत जुनी माणसं उरली होती तरी किती? आमच्या मजल्यावर १६ खोल्या. एक बिऱ्हाड बोरिवलीला, दोन डोंबिवलीला, एक नालासोपाऱ्याला, एक बदलापूरला. माझे धाकटे दीर १९९९ सालीच विरारला गेलेले. त्या जागी आता कुठे कागदी खोक्यांचं गोदाम, कुठे दागिने घडवणाऱ्या कारागिरांची बैठक. २००१च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ होती, २०११ला ती ३०,८५,४११ झाली. त्याच १० वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. हे आकडे मी पुढे कधीतरी वाचले आणि मला आमची गॅलरीच दिसली. गणपतीत मात्र सगळे परत येतात. वर्षातले १० दिवस चाळ भरलेली.

आता मुख्य गोष्ट, जी आमच्या पिढीतल्या बहुतेकांना विकायला निघेपर्यंत कळत नाही. पागडीची, म्हणजे भाड्याशिवाय सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली, खोली आपली नसते. आपण विकतो तो फक्त तिथे भाडेकरू म्हणून राहण्याचा हक्क. घेणाऱ्याच्या नावाने घरमालकाने नवी पावती फाडली तरच व्यवहार झाला, आणि ती फाडण्याचे तो पैसे घेतो. रिवाज साधारण एक तृतीयांशाचा. पण आमच्याकडे त्याच्याही आधीची पायरी अडली होती. पावतीच नवऱ्याच्या नावावर नव्हती. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो असं कायदा म्हणतो. मग आजेसासऱ्यांकडून सासऱ्यांकडे, सासरे २००९ साली गेल्यावर नवऱ्याकडे. दोन्ही वेळा पावती बदलून घ्यायचं कुणाला सुचलं नाही, आणि घरमालकाने सुचवण्याचं काही कारणच नव्हतं.

घरमालकांच्या ऑफिसात आम्ही सात खेपा घातल्या. दोन मृत्यूचे दाखले, १९७०च्या दशकातलं रेशनकार्ड, विजेची बिलं, मतदार यादीतलं नाव, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. सासूबाईंच्या डब्यात १९५१पासूनच्या पावत्या होत्या, रबराने बांधून, वर्षावार. अंगठ्याएवढ्या जाड झालेल्या त्या गठ्ठ्यांकडे बघून मेहता पहिल्यांदा जरा नरमला. तोवर तो आम्हाला ‘बसा’सुद्धा म्हणत नव्हता. शेवटी ठरलं असं की नाव बदलणं आणि विक्री एकाच करारात करायची, आणि दोन्हीचं मिळून मालकाचे ३३ टक्के.

“सोबत राहणारा कुटुंबीय” या शब्दांनी मात्र घरात वेगळंच काम केलं. वकिलांनी सरळ सांगितलं, दीर १९९९पासून विरारला, वडील गेले तेव्हा ते इथे राहत नव्हते, त्यांचा हक्क लागत नाही. फक्त त्यांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र घेऊन ठेवा. नवरा खूश झाला. मला नाही पटलं. दीर विरारला गेले ते काही हौसेने नव्हे. दहा बाय वीसच्या खोलीत दोन संसार मावत नव्हते, म्हणून धाकट्याने जायचं असं ठरलं. आमचं लग्न तीन वर्षांचं होतं, मुलगी होणार होती. म्हणजे त्यांनी जागा सोडली ती आमच्यासाठी, आणि सोडली म्हणूनच आता त्यांना काही नाही! यावरून आम्हा नवराबायकोत १५ दिवस अबोला होता, आणि एका खोलीत, तीही सासूबाईंच्या देखत, अबोला धरणं हे काय असतं ते चाळीत राहिलेल्यांनाच कळेल. शेवटी दिराला १० लाख द्यायचे ठरले. ते घेताना दीर म्हणाले, “वहिनी, मी तर मागितले नव्हते.” जाऊबाई म्हणाल्या, “मागायला हवे होते.” दोघांचंही बरोबर होतं.

खोली गेली ७५ लाखांना. घेणाऱ्यांचं काळबादेवीला दुकान. दुकानापासून चालत दहा मिनिटांवर जागा हवी होती, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही ज्या गोष्टीला कंटाळून निघालो होतो ती त्यांनी बघितलीसुद्धा नाही. त्यांचं कुटुंब इथे राहणार नव्हतं, माल राहणार होता. २५ लाख घरमालकाला, दीड लाख दलालाला. हे सगळं चेकने, हे मुद्दाम सांगते. आजेसासऱ्यांच्या काळी तसं नव्हतं. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली आणि वर पागडी घेणं हा गुन्हा ठरवला. मग भाड्यातून न मिळणारे पैसे पागडीतून, तेही रोखीने आणि पावतीशिवाय, असा रस्ता निघाला. १९९९चा कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला तेव्हा कुठे पागडी देणंघेणं उजळ माथ्याने करता येऊ लागलं.

हा इतिहास आम्हाला सीएच्या टेबलावर महागात पडता पडता राहिला. त्याने विचारलं, “मूळ खरेदी किती?” सासूबाई म्हणायच्या, मामंजींनी बायकोच्या पाटल्या मोडून पागडी दिली होती. किती रुपये? ठाऊक नाही. पावती? अहो, जो पैसा घेणं गुन्हा होतं त्याची पावती कोण देणार! “मग खरेदी किंमत शून्य,” सीए म्हणाला. सगळी रक्कम नफा, आणि त्यावर कर. त्यातून सोडवणूक म्हणजे ती नव्या घरात घालणं. मी म्हटलं, घर विकून घर घेतोय, त्याची सूट असतेच ना? तो हसला. “ती कलम ५४ची, घर विकणाऱ्यांना. तुम्ही घर विकलेलं नाही, भाडेहक्क विकलाय. तुम्हाला ५४ एफ.” परिणाम आमच्यापुरता सारखाच झाला, कारण नवं घर हाती आलेल्या रकमेपेक्षा महाग होतं. पण ते वाक्य मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं नाही. ५७ वर्षं त्यांनी जिथे चूल, मग स्टो, मग गॅस पेटवला, ते सरकारच्या लेखी घर नव्हतं हे कशाला सांगायचं?

घर कुठे घ्यायचं यावर मात्र वाद झाला नाही. दिरांनी विरारचा आग्रह धरला, पण माझं ऑफिस फोर्टात, नवऱ्याचं मशीद बंदरला. दोघांनाही मध्य रेल्वे सोयीची. ठाणे परवडेना. बदलापूर परवडत होतं, पण अंतर ऐकूनच नवऱ्याचा चेहरा उतरला. राहिली डोंबिवली. शिवाय तिथे गणेश मंदिर आहे, पाडव्याच्या शोभायात्रेची सुरुवात तिथलीच, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर सगळी तरुणाई नटून उभी असते. सासूबाईंच्या दृष्टीने डोंबिवली म्हणजे लांब जाऊन पडलेलं गिरगाव. त्यांच्या तीन मैत्रिणी आधीच तिथे पोचल्या होत्या.

२०२३च्या जानेवारीपासून सलग ११ रविवार आम्ही घरं बघितली. काही महिन्यांपूर्वीच डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण बाहेर आलेलं. महापालिकेची खोटी बांधकाम परवानगी तयार करून तिच्यावर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मिळवलेला, त्या क्रमांकावर बँकांची कर्जं, आणि आत राहायला आलेली माणसं आमच्यासारखीच. (२०२४च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या, तेव्हा टीव्हीवर रडणाऱ्या बायका बघून मी तो बंद केला.) त्यामुळे मी पहिला प्रश्न विचारायचे तो ओसीचा, भोगवटा प्रमाणपत्राचा. उत्तरं मला पाठ झाली होती. “ओसीचं काम चालूय.” “वहिनी, इथे कुणाकडेच नसते.” “ग्रामपंचायतीच्या काळातली परवानगी आहे, तिला ओसी लागत नाही.” एकाने तर उलट विचारलं, “तुमच्या गिरगावच्या चाळीला होती का?” यावर मला उत्तर सुचलं नाही हे कबूल करते.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो एजंटला नाही तर जिन्यात भेटणाऱ्या बाईला विचारायचा. एका चकचकीत इमारतीत स्विमिंग पूल होता आणि प्यायला टँकर. तिसरी गोष्ट आम्ही स्वतः करून बघायची ठरवली. घरापासून स्टेशनपर्यंत सकाळी आठ वाजता जायला किती वेळ लागतो? एजंट ‘दहा मिनिटं’ म्हणतो ती रविवारी दुपारची दहा मिनिटं असतात. एका मंगळवारी रजा टाकून मी मानपाडा रोडवर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहिले आणि घड्याळ लावलं. ३२ मिनिटं लागली. ते घर आम्ही सोडलं.

घेतलं ते पूर्वेला, २००६ सालच्या इमारतीतलं, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे. ५६० चौरस फूट, दोन बेडरूम, दोन संडास. ओसी होती, सोसायटी नोंदवलेली होती, मूळ करारापासूनची कागदांची साखळी सलग होती. ५८ लाख. विक्रीचे उरलेले साडेअडतीस आणि घरातली शिल्लक एकत्र करूनही कर्ज काढावं लागलं. नवऱ्याची निवृत्ती चार वर्षांवर, त्यामुळे बँकेने मुलीला सहकर्जदार केलं. २३ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर पहिल्याच नोकरीत कर्ज. मला वाईट वाटलं, तिला वाटलं नाही. तिला स्वतःची खोली आणि तिला कडी, एवढंच दिसत होतं.

इथे आणखी एक गंमत. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ५८ हजार. मी मनात म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी पाटी माझ्या नावाची. पण भाडेहक्क नवऱ्याचा, त्यामुळे करातली सूट हवी तर नव्या घरावर त्याचं नाव हवं, नाहीतर पुढे वाद होऊ शकतो असा सीएचा सल्ला. दोघांची नावं घातली तर सवलत नाही. घातली दोघांची. नोंदणी शुल्क ३० हजार वेगळं. रजिस्ट्रार ऑफिसात फोटो काढताना मशिनला सासूबाईंसारखेच माझेही अंगठे उमटेनात. धुणी-भांडी करून रेघा पुसल्यात, असं तिथला मुलगा म्हणाला आणि त्याने हाताला लावायला ओला रुमाल दिला. त्याच्याकडे तो तयारच होता.

सामान हलवण्याबद्दल फार सांगत नाही, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. फक्त कपाटाचं सांगते. लोखंडी कपाट जिन्यातून उतरेना. वळणावर अडकलं ते अडकलंच. खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि म्हणाले, “हे जिन्याने आलंच नव्हतं. १९७४ साली दोर लावून गॅलरीतून वर घेतलं होतं, मी होतो ओढायला.” मग तसंच उतरवलं. कठड्यावर गोणपाट टाकून, वर पाच जण, खाली तिघं, आणि सगळी चाळ गॅलरीत. कपाट जमिनीला टेकलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई तेवढ्या आत होत्या. मोरीतलं पिंप घासत बसल्या होत्या. ते पिंप आम्ही नेणार नव्हतो.

टेम्पोला डोंबिवलीला पोचायला साडेतीन तास लागले. त्यातला एक नुसता शिळफाट्यावर.

आता हिशेब वेळेचा. गिरगावातून मी मेट्रो सिनेमावरून चालत अर्ध्या तासात ऑफिसात. पावसात बस. आता घर ते स्टेशन २० मिनिटं, जलद लोकलने सीएसएमटी सवा तास, पुढे दहा मिनिटं चालणं. जाऊन येऊन साडेतीन तास. पहिल्या महिन्यात मी तीन गाड्या सोडायचे. कल्याणहून आणि त्याच्याही पलीकडून भरून आलेली गाडी, दारात उभ्या बायका, आणि मी ५१व्या वर्षी नवखी. शिकवलं एका कोळणीसारख्या खणखणीत आवाजाच्या बाईने. “ओ ताई, पिशवी पुढं घ्या, पाय आत टाका, विचार नंतर करा.” आता माझा ग्रुप आहे, डबा ठरलेला आहे, वाटाणे सोलून होतात. पण २०२५च्या ९ जूनला मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारातून माणसं पडली आणि गेली, त्या दिवसापासून मुलीला मी दारात उभी राहू नकोस म्हणते आणि मला माहीत असतं की आत जायला जागा नसते. एमआयडीसीचा वासही आहेच. २०२४च्या मे महिन्यात तिथल्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या खिडक्या थरथरल्या. गिरगावात फक्त टेकू थरथरायचे.

आणि आम्ही निघून गेल्यावर अडीच वर्षांनी, २०२५च्या ऑक्टोबरात, गिरगावात भुयारी मेट्रोचं स्टेशन सुरू झालं. ज्याच्या खोदकामाची धूळ आम्ही सहा वर्षं खाल्ली ते! नवऱ्याने एकदा मुद्दाम जाऊन, तिकीट काढून, एका स्टेशनचा प्रवास केला आणि परत आला. “थंडगार आहे,” एवढंच म्हणाला.

सासूबाई पहिले सहा महिने गप्प होत्या. दार बंद असण्याची त्यांना सवय नव्हती. सकाळी उठून त्या दार उघडून खुर्ची टाकून बसायच्या. समोरचे लोक विचारायचे, काही हवंय का आजी? मैत्रिणी डोंबिवलीतच, पण एक पश्चिमेला, आणि रेल्वेचा पूल चढवत नाही. त्यांची भेट होते ती फोनवर. मतदार यादीतलं नाव मात्र त्यांनी बदलू दिलं नाही. अर्ज भरून आणला तर म्हणाल्या, “माझं मत तिथेच.”

२०२४च्या २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. सकाळी गाडीला गर्दी कमी, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. सीएसएमटीवरून टॅक्सी, केंद्रावर त्यांना रांगेतून पुढे सोडलं, बोटाला शाई लागली. मग अर्थातच चाळीत. तीन मजले चढायला त्यांनी २० मिनिटं घेतली, प्रत्येक वळणावर कुणीतरी भेटत होतं. आमच्या जुन्या दाराला शटर बसवलंय. त्यांनी तिकडे एकदाच बघितलं. शेजारच्या काकूंनी आत नेलं, पंखा लावला, गळ्यात पडून दोघी रडल्या, मग कुणाच्या सुनेचं काय बिनसलं तिथपर्यंत आल्या. काकूंनी चहाचं आधण ठेवलं तसा सासूबाईंनी हात वर केला.

“चहा नको गं. डोंबिवलीपर्यंत जायचंय.” आणि मग गॅलरीच्या टोकाकडे हनुवटी उडवत, खालच्या आवाजात, “परत तिकडे कोण जाणार?”